संगणकावर वारंवार ब्लू स्क्रीन येते? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली आहे. महाडीबीटीवर कागदपत्रे अपलोड करायला बसावे, तर स्क्रीन एकदम निळी होते, इंग्रजीत चार ओळी दिसतात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. अशा वेळी शेजारचा जाणकार आणि दुकानदार बहुतेक एकच सल्ला देतात, "फॉरमॅट मारा."

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात हा सल्ला महागात पडतो. दुरुस्तीसाठी संगणक उचलून रत्नागिरीला न्यायचा म्हणजे जाऊन-येऊन निदान पन्नासेक किलोमीटरचा प्रवास आणि दिवसाची मजुरी बुडते. त्यातही फॉरमॅट करूनसुद्धा आठवड्याभरात ब्लू स्क्रीन परत आली तर पैसे गेले, वेळ गेला आणि संगणकातले सगळेही गेले. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरच्या संगणकात काय असते ते आठवा. मंडळाचा हिशेब, विहाराच्या जागेची कागदपत्रे, जातपडताळणीसाठी स्कॅन केलेले जुने दाखले, दहा वर्षांचे जयंतीचे फोटो. यातल्या अनेक गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नसते.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. ब्लू स्क्रीन हे लक्षण आहे, तिला कारण असते आणि ते कारण बहुतेक वेळा घरच्या घरी शोधता येते. कारण कळल्याशिवाय फॉरमॅट करणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहताच औषध देणे.

ब्लू स्क्रीन म्हणजे नेमके काय?

जयगड-तवसाळ फेरीबोटीचे उदाहरण घेऊ. बोटीतल्या एखाद्या प्रवाशाला मळमळू लागले तर बोट थांबत नाही. त्याला बाजूला बसवतात आणि बोट पुढे जाते. पण इंजिनाच्या खोलीत बिघाड झाला तर इंजिन बंद करावे लागते. तसेच चालू ठेवले तर सगळीच बोट धोक्यात येते.

विंडोजमध्ये अशाच दोन जागा आहेत. ब्राउझर, वर्ड, व्हिडिओ प्लेअर हे प्रवासी. त्यांच्यापैकी एक बिघडला तर तेवढाच बंद पडतो. इंजिनाची खोली म्हणजे कर्नल. तिथे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर काम करतात. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स कार्ड, वायफाय, प्रिंटर अशा प्रत्येक भागाशी विंडोजला बोलता यावे यासाठीचा छोटा प्रोग्राम. अँटिव्हायरसचा काही भागही इथेच बसलेला असतो. या खोलीत गंभीर चूक झाली की डिस्कवरची माहिती बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःहून थांबते आणि थांबण्याचे कारण स्क्रीनवर लिहिते. त्या कारणाला स्टॉप कोड म्हणतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन निळीऐवजी काळी दिसते, पण अर्थ तोच.

१९ जुलै २०२४ चा धडा

जगातली सर्वात मोठी ब्लू स्क्रीनची घटना त्या दिवशी घडली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर बसवलेले असते. त्याच्या एका अपडेट फाइलमध्ये चूक होती. ती वाचताना कंपनीचा ड्रायव्हर मेमरीतल्या नको त्या जागी वाचायला गेला आणि विंडोज थांबले. ती फाइल फक्त ७८ मिनिटे वाटली जात होती. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर इंडिगो, आकासा, स्पाइसजेट यांना चेक-इनचे काम हाताने करावे लागले. काही प्रवाशांना तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

आता उपाय काय होता ते पाहा. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ती एक चुकीची फाइल काढून टाकायची आणि पुन्हा चालू करायचा. विंडोज खराब झाले नव्हते, हार्ड डिस्क खराब झाली नव्हती, कोणाचा डेटाही गेला नव्हता. कारण माहीत असल्यामुळे लाखो संगणक फॉरमॅट न करता उभे राहिले. घरच्या संगणकावर क्राउडस्ट्राइक नसते, पण शोधण्याची रीत तीच आहे.

पहिले काम : डेटा वाचवा

ब्लू स्क्रीन अधूनमधूनच येत असेल आणि मधल्या वेळेत संगणक चालत असेल, तर सर्वात आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. दुरुस्तीचा कोणताही प्रयोग त्यानंतर. कारण दोष हार्ड डिस्कचा असेल तर प्रत्येक वेळी संगणक सुरू करताना ती आणखी बिघडू शकते.

दुसरे, विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. दुरुस्तीच्या वेळी तो लॅपटॉप ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ही की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती आजच वहीत उतरवून ठेवा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी अनेक ठिकाणी काम रखडले ते ही की हाताशी नव्हती म्हणून.

दुसरे काम : पुरावा गोळा करा

एक वही करा आणि प्रत्येक ब्लू स्क्रीनच्या वेळी तीन गोष्टी लिहा. तारीख आणि वेळ, त्या क्षणी काय चालू होते, आणि स्टॉप कोड. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढणे सर्वात सोपे. क्यूआर कोड दिसला तर तो स्कॅन करून फार काही हाती लागत नाही, तो मदतीच्या सर्वसाधारण पानावर नेतो. खरी माहिती खालच्या स्टॉप कोडमध्ये असते. काही वेळा तिथे बिघडलेल्या ड्रायव्हरच्या फाइलचे नावही येते.

स्क्रीन वाचण्याआधीच संगणक रिस्टार्ट होत असेल तर हे करा. स्टार्टच्या शोधपट्टीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढा. आता स्क्रीन तुम्ही बंद करेपर्यंत थांबून राहील.

मागच्या घटना पाहायच्या असतील तर शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' लिहा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. तारखांचा तक्ता दिसेल. ज्या दिवशी बिघाड झाला तिथे लाल फुली असते. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी कोणते अपडेट, कोणता ड्रायव्हर, कोणते सॉफ्टवेअर बसले तेही तिथेच दिसते. अनेकदा उत्तर इथेच सापडते.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. निळी स्क्रीन न येता संगणक बटण दाबल्यासारखा एकदम बंद पडत असेल, तर तो वेगळा आजार आहे. तिथे वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा अति उष्णता यांवर आधी संशय घ्यावा.

स्टॉप कोड कुठे बोट दाखवतो?

स्टॉप कोड म्हणजे निकाल नव्हे, तपासाची दिशा. घरगुती संगणकांवर वारंवार दिसणारे काही कोड असे :

- मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया : रॅम आधी तपासा. रॅम चांगली निघाली तर ड्रायव्हर.
- आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन : बहुतेक वेळा ड्रायव्हर, कधी अँटिव्हायरस, कधी रॅम.
- व्हिडिओ टीडीआर फेल्युअर : ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा तापलेले ग्राफिक्स कार्ड.
- कर्नल डेटा इनपेज एरर, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस : हार्ड डिस्क, एसएसडी किंवा त्यांची केबल.
- क्रिटिकल प्रोसेस डाइड : विंडोजच्या फाइल बिघडल्या असतील, किंवा डिस्क.
- व्हिया अनकरेक्टेबल एरर : हार्डवेअर. उष्णता, वीजपुरवठा, प्रोसेसर, कधी एसएसडी.

दर वेळी वेगवेगळा कोड येत असेल आणि वेळेचा काही मेळ लागत नसेल, तर रॅमवरचा संशय वाढतो. कोड एकच आणि काम एकच, उदाहरणार्थ व्हिडिओ लावला की लगेच ब्लू स्क्रीन, तर ड्रायव्हरवरचा.

तिसरे काम : एका वेळी एकच बदल

इथे घाई केली की सगळी मेहनत वाया जाते. रॅम साफ केली, ड्रायव्हर बदलला आणि अँटिव्हायरस काढला, हे तिन्ही एकाच दिवशी केले तर संगणक कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही. एक बदल करा, एक-दोन दिवस वापरा, वहीत लिहा, मग पुढचा.

१. बाहेरचे सगळे काढा. प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब, पेनड्राइव्ह काढून फक्त माउस आणि कीबोर्ड ठेवा. ब्लू स्क्रीन थांबली तर एकेक वस्तू परत जोडा.

२. सेफ मोडमध्ये चालवून पाहा. शिफ्टचे बटण दाबून ठेवून रिस्टार्ट निवडा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट आणि शेवटी ४ हा आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेचेच ड्रायव्हर घेते. तिथे तास-दोन तास नीट चालले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा. तिथेही ब्लू स्क्रीन आली तर हार्डवेअरचा संशय बळावतो.

३. नुकतेच आलेले परत पाठवा. रिलायबिलिटीच्या तक्त्यात ज्याच्यावर संशय आला ते सॉफ्टवेअर काढा. ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. नवा ड्रायव्हर हवा असेल तर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. क्रॅक केलेला असेल तर तो आधी काढा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

४. विंडोजच्या फाइल दुरुस्त करा. शोधपट्टीत 'सीएमडी' लिहा आणि कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. इंग्रजी अक्षरांत आधी डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ ही आज्ञा द्या. प्रत्येक तिरप्या रेघेच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. याला इंटरनेट लागते आणि वेळही लागतो. ते पूर्ण झाल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ. यात तुमच्या वैयक्तिक फाइलना धक्का लागत नाही.

५. रॅम तपासा. शोधपट्टीतून 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. संगणक रिस्टार्ट होऊन तपासणी होते. अधिक कसून तपासायचे तर मेमटेस्ट८६ हे मोफत साधन पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी रॅम किंवा तिची खाच सदोष आहे असे समजा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा म्हणजे कोणती वाईट ते कळेल. पट्टी फेकण्याआधी बिल शोधा. रॅमवर अनेक कंपन्या बरीच वर्षे वॉरंटी देतात.

६. डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची स्थिती गुड, कॉशन किंवा बॅड अशी दाखवते. कॉशन किंवा बॅड आले तर बाकी सगळे थांबवा, उरलेला डेटा काढून घ्या आणि डिस्क बदला. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून विंडोज टाकले तर ते टिकत नाही. फॉरमॅटनंतरही ब्लू स्क्रीन परत येण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे खास शत्रू

समुद्राकाठच्या घरात हवेत मीठ असते आणि पावसाळ्यात ओलावा असतो. मीठ ओलावा धरून ठेवते आणि धातूच्या टोकांवर गंज चढतो. रॅमची सोनेरी टोके, डिस्कच्या केबलची टोके आणि पंख्याचे बेअरिंग यांना त्याचा पहिला फटका बसतो. त्यामुळे इथे रॅम 'खराब' ठरवण्याआधी ती साफ करून पाहावी.

रीत अशी. संगणक बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवा. हात एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला लावून मग रॅम काढा. सोनेरी टोके पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कचरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवा. पंख्यातली धूळ ब्रशने काढा. ओले फडके वापरू नका. हे टॉवरवाल्या संगणकासाठी आहे. लॅपटॉप उघडण्याचा सराव नसेल तर ते काम जाणकाराकडे द्या.

संगणक समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालू ठेवा. त्याच्या उष्णतेने आतला ओलावा कमी होतो. चालू संगणकावर प्लॅस्टिकचे कव्हर मात्र कधीच नको.

दुसरा शत्रू म्हणजे जाणारी-येणारी वीज. वीज गेल्याने थेट ब्लू स्क्रीन येत नाही. पण विंडोज डिस्कवर काही लिहीत असताना वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते आणि पुढे क्रिटिकल प्रोसेस डाइडसारखे बिघाड सुरू होऊ शकतात. टॉवर संगणकाला यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी दमली की ती बदलायला हवी. प्लगच्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की फक्त बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढा.

खोट्या ब्लू स्क्रीनपासून सावध

ब्राउझरमध्ये अचानक निळे पान उघडते, भोंगा वाजतो आणि 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा' असे लिहिलेले दिसते. ही विंडोजची ब्लू स्क्रीन नाही, फसवणूक आहे. खऱ्या ब्लू स्क्रीनवर कधीही फोन नंबर नसतो. खरी आली की माउसही हलत नाही. फोन केला की समोरचा माणूस संगणकाचा ताबा मागतो आणि मग पैसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' राबवले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून अशा बनावट टेक सपोर्ट टोळ्यांवर छापे पडले होते. क्राउडस्ट्राइकच्या घटनेनंतरही मदतीच्या नावाखाली फसवणूक सुरू झाली आणि देशाच्या सर्ट-इन या यंत्रणेला तसा इशारा द्यावा लागला. असे पान आले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानात न्यायचाच असेल तर

मदरबोर्ड, एसएमपीएस, लॅपटॉपचे आतले काम ही घरी करण्याची कामे नाहीत. पण दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वही न्या, स्क्रीनचे फोटो न्या, रॅमची आणि डिस्कची तपासणी झाली आहे हे सांगा. "बॅकअप घेतल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही" हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. माहिती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कोणीही सहज 'मदरबोर्ड गेला' असे सांगत नाही.

फॉरमॅट कधीच करू नये असे नाही. डिस्क आणि रॅम चांगली निघाली, ड्रायव्हर तपासून झाले, फाइल दुरुस्त करून झाल्या आणि डेटा दोन ठिकाणी सुरक्षित आहे, तर विंडोज नव्याने टाकणे योग्यच. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

वस्तीतल्या तरुणांनी काय करावे?

प्रत्येकाने सगळे शिकण्याची गरज नाही. एका वस्तीत दोन मुला-मुलींना हे आले तरी पुरते. एक पेनड्राइव्ह मेमटेस्टसाठी, एक बाहेरची हार्ड डिस्क बॅकअपसाठी, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि एक वही, एवढ्या साहित्यावर महिन्यातला एक रविवार अर्धा दिवस बसता येईल. मंडळाच्या आणि विहाराच्या कागदपत्रांसाठी एक नियम ठरवून घ्या : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा गूगल ड्राइव्हवर. पुढच्या वेळी अर्जाच्या आदल्या रात्री स्क्रीन निळी झाली तरी कागदपत्रे दुसऱ्या संगणकावरून अपलोड होतील आणि बिघाडाचे कारण दुसऱ्या दिवशी शांतपणे शोधता येईल.